जुन्या स्पोर्ट्स कारची बारीक स्टेपनी : पंक्चरआधीची तयारी आणि रस्त्यावरचे काम

जुनी स्पोर्ट्स कार घेताना आपण इंजिनाचा आवाज, गिअरबॉक्स, पत्र्याचा गंज आणि कागदपत्रे बारकाईने पाहतो, पण डिकीच्या तळाशी आडवी ठेवलेली बारीक स्टेपनी क्वचितच कोणी बाहेर काढून पाहतो. ती गाडीबरोबर कारखान्यातून आलेली असते, बहुधा एकदाही रस्त्याला लागलेली नसते, तिच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत असतात, आणि म्हणून ती नवी आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ते वीस-पंचवीस वर्षांचे रबर असते आणि त्यातली बरीचशी हवा केव्हाच निघून गेलेली असते. ठाणे आणि नवी मुंबई परिसरात अशी गाडी वापरणाऱ्या, विशेषतः पावसाळ्यातही ती बाहेर काढणाऱ्या मालकांसाठी हे लिहीत आहे, आणि माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : पंक्चरचे निम्म्याहून अधिक काम घरच्या पार्किंगमध्ये, कोरड्या दिवशी, उजेडात उरकून ठेवावे.

हा आग्रह अनुभवातून आला आहे. एका जुलैच्या संध्याकाळी घोडबंदर रोडवर गायमुखच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझ्या दोन आसनी गाडीचे मागचे डावे चाक आदळले आणि टायरची बाजूची भिंत दोन बोटे फाटली. स्टेपनीवर हवेच्या दाबाचा आकडा म्हणून 60 पीएसआय छापलेले होते. मोजली तेव्हा त्यात 18 निघाले. सोबत पंप होता म्हणून तेवढे निभावले, पण त्यानंतर लक्षात आले की काढलेले रुंद चाक डिकीच्या त्या खळग्यात जात नाही आणि डिकीत इतरत्र ठेवले तर झाकण लागत नाही. शेवटी बहिणीला रिक्षाने घरी पाठवावे लागले आणि चिखलाने भरलेले चाक तिच्या आसनावर बांधून मी एकटा परतलो. यातली एकही अडचण अशी नव्हती, की जी रविवारच्या एका सकाळी आधीच कळली नसती.

बाजूची भिंत फाटणे हाच आपल्याकडच्या प्रश्नाचा गाभा आहे. खिळा टायरच्या नक्षीत घुसला तर बाटलीतला भोक बुजवणारा फेस आत मारून किंवा भोकात रबराची पट्टी घालून पुढे जाता येते. परंतु 40 किंवा 45 क्रमांकाच्या, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या तेवढे टक्के असलेल्या, बुटक्या टायरमध्ये रिम आणि रस्ता यांच्यात रबराची उशीच कमी असते, आणि खड्ड्याची धार लागली की भिंत रिम व डांबर यांच्यात चिमटून आतले धागे तुटतात. अशा फाटीला फेस धरत नाही. म्हणून वजन किंवा जागा वाचवण्यासाठी स्टेपनी काढून टाकून केवळ फेसाची बाटली बाळगणे मला आपल्या भागात पटत नाही. 2020 च्या नियमदुरुस्तीने नव्या गाड्यांना स्टेपनीशिवाय येण्याची मुभा दिली, ती हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस गाड्यांसाठी आहे. आपल्या जुन्या गाड्यांमध्ये ती यंत्रणा बहुधा नसतेच.

स्टेपनी हा आपल्या तोंडी रुळलेला शब्द वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे 1904 साली थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक रिम तयार केली, जी पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला आवळून लावायची आणि गाव गाठायचे. त्याआधी मोटारींना जादा चाक नसे आणि चालकाला रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब सांधावी लागे. म्हणजे मूळची स्टेपनी तात्पुरतीच होती, आणि आजची बारीक स्टेपनी पूर्ण आकाराच्या पाचव्या चाकापेक्षा तिच्या अधिक जवळची आहे. तिच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

घरी करायची तपासणी

प्रथम आपल्याकडची स्टेपनी कोणत्या जातीची आहे ते ओळखावे. पहिली जात म्हणजे कायम फुगवलेली बारीक स्टेपनी. तिच्या मापाआधी टी हे अक्षर असते आणि तिला सर्वसाधारणपणे 60 पीएसआय, म्हणजे 4.2 बार, एवढी हवा लागते. ही हवा नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने 32 भरून मोकळा होतो. त्याच्याजवळ उभे राहून आकडा सांगावा. दुसरी जात घडीच्या स्टेपनीची. पोर्शच्या 928, 944 आणि त्या काळातील 911 या गाड्यांत, तसेच मर्सिडीजच्या दुसऱ्या पिढीच्या एसएलकेमध्ये ही आढळते. तिचा टायर रिमवर आत दुमडलेला असतो आणि हवा भरल्यावरच आकार घेतो. ती आधी गाडीला लावावी, बोल्ट आवळावेत, गाडी जॅकवर असतानाच गाडीबरोबर मिळालेल्या विजेच्या पंपाने तिच्यावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी आणि मगच गाडी खाली घ्यावी. तो मूळ पंप चालत नसेल तर घडीची स्टेपनी म्हणजे केवळ ओझे आहे, म्हणून पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावून खरोखर चालवून पाहावा. जुन्या गाडीत पंप ठीक असतो आणि सॉकेटचा फ्यूज उडालेला असतो, असेही आढळते.

त्यानंतर टायरचे वय पाहावे. भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : 2303 म्हणजे 2003 सालचा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे. न वापरलेले रबरही प्राणवायूने आणि उष्णतेने कडक होते, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद डिकीतली उष्णता कमी नसते. दहा वर्षे ही मर्यादा अनेक उत्पादक सांगतात. त्यापुढचा टायर वरून कितीही काळाभोर दिसला तरी तो मी बदलतो. भिंत अंगठ्याने दाबून वाकवल्यावर बारीक चिरा उघडत असतील तर वय मोजण्याचीही गरज नाही. जुन्या मापाचा टायर मिळत नसेल तर त्याच बोल्टच्या मांडणीची दुसऱ्या गाडीची स्टेपनी चालू शकते, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत शोधणारे अनेक जण आहेत. मात्र केवळ बोल्ट जुळणे पुरेसे नाही. मधल्या भोकाचा व्यास, रिम आत किती बसते आणि टायरची वजन पेलण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागाला, कुठेही लागता कामा नये.

कॅलिपरचा हा मुद्दा मूळ स्टेपनीलाही लागू आहे. आधीच्या मालकाने मोठे ब्रेक बसवले असतील तर कारखान्यातून आलेली स्टेपनीही पुढे बसणार नाही, आणि हे रात्री मुंब्रा बायपासवर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. म्हणून ती चारही जागी एकदा लावून, हाताने पूर्ण फेरी फिरवून पाहावी. असे करताना बोल्ट आणि नट यांच्याकडेही नीट लक्ष द्यावे, कारण बदललेल्या गाड्यांत सर्वांत धोक्याची चूक इथेच होते. बाजारातल्या अलॉय रिमसाठी घेतलेल्या नटांची बैठक निमुळती असते आणि मूळ रिमची गोलाकार, किंवा याच्या उलट. बैठक जुळली नाही तर नट आवळल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो केवळ एका कडेवर, आणि काही किलोमीटरांत तो सैल होतो. रिमच्या मागे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, म्हणजे स्पेसर, घातलेले असतील तर त्यांचे बोल्ट लांब असतात. स्पेसर काढून पातळ पत्र्याच्या स्टेपनीला तेच लांब बोल्ट लावले तर ते हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, मागे बाहेर येऊन हँडब्रेकच्या भागांवर घासू शकतात. अशा गाडीत स्टेपनीसाठी मूळ लांबीचे बोल्ट वेगळ्या पिशवीत भरून स्टेपनीलाच बांधून ठेवावेत.

चोरीपासून संरक्षण देणारा कुलपाचा नट असेल तर त्याची चावी गाडीत आहे ना, ती नटावर पूर्ण बसते ना, हेही त्याच वेळी पाहावे. गॅरेजमधल्या हवेच्या गनने आवळलेले नट हातपान्याने सुटत नाहीत, म्हणून सगळे नट एकदा सोडवून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळावेत. पोर्शच्या त्या काळातील गाड्यांना 130 न्यूटन-मीटर लागतात. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घेऊन डिकीच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवावा. गाडीतला आखूड पाना या कामाला अपुरा पडतो. सरकवून लांब होणारा दांडा आणि योग्य मापाचा सॉकेट यांवर केलेला खर्च मला नेहमीच सार्थकी लागलेला दिसला आहे.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत अलॉय रिम आणि लोखंडी हब एकमेकांना गंजाने धरून बसतात, आणि बोल्ट काढल्यावरही चाक हलत नाही. घरी एकदा काढून हबचा चेहरा तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा आणि त्यावर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. ब्रेकच्या डिस्कवर किंवा बोल्टच्या आट्यांवर ते जाता कामा नये. शेवटी पूर्ण आकाराचे चाक, तेही सर्वांत रुंद मागचे, डिकीत किंवा आसनावर कुठे मावते ते प्रत्यक्ष ठेवून पाहावे, आणि ते बांधायला एक पट्टा व गुंडाळायला जाड प्लास्टिकची पिशवी स्टेपनीजवळच ठेवावी. दोन माणसे आणि ते चाक एकत्र मावत नसतील तर लांबच्या प्रवासाआधी तेवढे माहीत असणे हीसुद्धा तयारीच आहे.

कोणत्या चाकाच्या जागी लावावी

बहुतेक जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते, आणि इथे बारीक स्टेपनीचा लहान व्यास महत्त्वाचा ठरतो. समजा गाडीचे टायर 185/60 आर 14 मापाचे (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची टक्केवारी आणि रिमचे इंच) आहेत आणि स्टेपनी टी115/70 डी14 आहे. कागदावरच्या हिशेबाने पहिल्याचा व्यास सुमारे 578 मिलिमीटर येतो आणि दुसरीचा 517. एक किलोमीटर जाताना मोठे चाक साधारण 551 फेरे घेते आणि लहान 616. म्हणजे गाडी सरळ चालत असतानाही डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीला, दर किलोमीटरला 65 फेऱ्यांचा फरक सोसावा लागतो. साध्या डिफरन्शियलला थोड्या अंतरासाठी हे झेपते. दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणाऱ्या लिमिटेड स्लिप प्रकारात मात्र हाच फरक आतल्या क्लचच्या चकत्या सतत घासतो, तेल तापते आणि दुरुस्ती महाग पडते. म्हणून पुढची आणि मागची चाके एकाच मापाची असतील तर मागचे पंक्चर झाल्यावर पुढचे चांगले चाक मागे आणावे आणि स्टेपनी पुढे लावावी.

असे केल्यास जॅक दोनदा लावावा लागतो. भर पावसात, ट्रकांच्या वाहतुकीला लागून हे दुप्पट काम करण्यात शहाणपण नाही, असे माझे मत आहे. अशा वेळी स्टेपनी थेट मागे लावावी, ताशी 30-40 च्या वेगाने पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत जावे आणि अदलाबदल तिथल्या सपाट, उजेडाच्या जागी करावी. पुढची आणि मागची मापे वेगळी असतील, जसे पुढे 205/50 आर 17 आणि मागे 255/40 आर 17, तर ही निवडच उरत नाही. सुदैवाने अशा गाड्यांच्या मूळ स्टेपनीचा व्यास सहसा बाकीच्या चाकांच्या जवळ ठेवलेला असतो; हिशेब करून खात्री करावी.

वरच्याच उदाहरणात स्टेपनी लावलेला कोपरा सुमारे 30 मिलिमीटर खाली येतो. आधीच बुटकी असलेली गाडी आपल्या सोसायट्यांच्या गतिरोधकांवर घासते ती अशा वेळी, म्हणून त्यांवरून तिरके आणि सावकाश जावे.

रस्त्यावर

पंक्चर झाल्याचे जाणवताच ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू काढावा आणि डावीकडे यावे. कुठे थांबायचे हा निर्णय टायर वाचवण्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमुळे रस्ता अरुंद झालेल्या ठिकाणी, कळंबोलीजवळ कंटेनरांच्या रांगेत किंवा मुंब्रा बायपासच्या वळणावर थांबण्यापेक्षा चालत्या माणसाच्या वेगाने सपाट टायरवर दोन-चारशे मीटर पुढे जाऊन सेवारस्ता, बसथांबा किंवा पेट्रोल पंप गाठावा. टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. त्याचे वाईट वाटते, विशेषतः ती रिम आता कुठेच मिळत नसेल तर, पण तरीही तेच करावे. शिवडी ते न्हावा शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू थांबण्याची जागा नव्हे. उलवे बाजूने चढण्यापूर्वी गाडी किंचित एका बाजूला ओढते आहे असे वाटले तर अलीकडेच थांबून चाके पाहावीत.

जागा सापडल्यावर चारही इंडिकेटर लावावेत, सोबतच्या माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे आणि परावर्तक त्रिकोण गाडीच्या मागे बराच लांब, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. उजव्या बाजूचे चाक असेल आणि वाहतूक अंगावरून जात असेल तर स्वतः काम न करता मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गांवर 1033 हा क्रमांक आहे आणि तातडीच्या मदतीसाठी सर्वत्र 112. गाडी उचलून नेण्याची वेळ आली तर सपाट फळीचा ट्रकच मागवावा, कारण बुटक्या गाडीची पुढची कड हुकने उचलताना फुटते. पुढे लावायची ओढण्याची कडी हत्यारांच्या पिशवीत आहे ना, हे पाहून ठेवावे.

हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि कर्णाने समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मागचे चाक उचलल्यावर हँडब्रेकचा आधार निम्मा जातो, म्हणून हे दगड केवळ उपचार नव्हेत. बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. टायर बसल्यामुळे गाडी इतकी खाली येते की तिचा स्वतःचा जॅकही आत जात नाही. त्यासाठी दीड इंच जाडीची, एका टोकाला तिरपी कापलेली फळी जवळ ठेवावी आणि दगड लावण्याआधी आणि बोल्ट सैल करण्याआधीच पंक्चर चाक हळूच तिच्यावर चढवावे. जॅकखाली प्लायवुडचा एक फुटाचा चौकोन हवा, नाहीतर पावसाळ्यात कडेच्या मातीत जॅक रुततो. जुन्या गाडीत जॅक लावायची जागा गंजलेली असू शकते. उचलताना कुरकुर ऐकू आली किंवा पत्रा वाकताना दिसला तर लगेच थांबावे. शरीराचा कोणताही भाग गाडीखाली जाऊ देऊ नये. काढलेले चाक जॅकजवळ गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकते.

ज्या गाड्यांना नटांऐवजी बोल्ट असतात, त्यांत चाक हाताने तोलत भोके जुळवणे अवघड जाते. वरच्या भोकात आधी एक मार्गदर्शक दांडा बसवून चाक त्यावर टांगावे. तसा दांडा नसेल तर त्याच आट्यांच्या जुन्या बोल्टचे डोके कापून तो कोणीही फिटर करून देईल. बोल्ट पहिले काही फेरे हातानेच फिरवावेत, एकाआड एक अशा क्रमाने आवळावेत आणि गाडी जमिनीवर आल्यावर पूर्ण ताकद लावावी. साधारण 50 किलोमीटरांनंतर ते पुन्हा तपासावेत.

स्टेपनीवर लिहिलेली वेगमर्यादा बहुधा ताशी 80 किलोमीटर असते. ती कोरड्या, सरळ रस्त्यासाठीची कमाल आहे; पावसात अरुंद टायर आणि उथळ नक्षी यांमुळे ब्रेकचे अंतर वाढते, म्हणून मी 50-60 च्या पुढे जात नाही. चाकांच्या फेऱ्यांतील फरकामुळे एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागू शकतो. द्रुतगती मार्गावर असाल तर पुढच्या निकासावर उतरावे. लोणावळ्यात पंक्चर झाले तर स्टेपनीवर ठाण्यापर्यंत येण्याचा हट्ट न धरता चाक तिथेच दुरुस्त करून घ्यावे.

फेस, पट्टी आणि पंक्चरवाला

फेसाची बाटली मी बाळगतो, पण शेवटचा उपाय म्हणून. तिची मुदत चार-पाच वर्षांत संपते, आणि आत गेलेला फेस टायर उतरवून पुसल्याशिवाय पक्की दुरुस्ती होत नाही. तुर्भे आणि तळोजाच्या औद्योगिक भागांत लोखंडाचे तुकडे नक्षीत घुसणे नेहमीचे आहे. असा तुकडा दिसला आणि हवा सावकाश जात असेल तर तो उपटू नये. पंपाने हवा भरत, दर थोड्या अंतराने मोजत दुकान गाठावे. नक्षीच्या मधल्या भागातले 6 मिलिमीटरपर्यंतचे भोक दुरुस्त होते, खांद्याजवळचे किंवा भिंतीतले होत नाही. बाहेरून घातलेली पट्टी घरी येण्यापुरती ठीक आहे, परंतु वेगाने चालणाऱ्या गाडीत टायर उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावून घेणेच योग्य, कारण सपाट चाललेल्या टायरच्या आतल्या बाजूला रबराचा भुगा किंवा वळ दिसतात ते तेव्हाच कळते. तसे दिसले तर टायर बाद समजावा.

महामार्गालगतचे पंक्चरवाले ट्रकच्या टायरमध्ये तरबेज असतात, पण बुटका टायर रुंद अलॉयवरून लोखंडी पट्ट्यांनी उतरवला की रिमची कड कायमची बिघडते. प्लास्टिकचे संरक्षण असलेले मशीन आहे का, हे काम सुरू होण्याआधी नम्रपणे विचारावे. ट्यूब घालून देण्याची सूचना आली तर नकार द्यावा, आणि बोल्ट गनने न आवळता हातानेच आवळायला सांगावेत.

घरी आल्यावर स्टेपनी धुऊन, पूर्ण वाळवून, तिच्यात पुन्हा 60 पीएसआय भरूनच जागेवर ठेवावी. घडीची असेल तर व्हॉल्व्हची आतली पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. टायर मूळ घडीत परतायला काही तास लागतात, त्याला जबरदस्तीने दाबू नये. डिकीच्या खळग्यात साचलेले पाणी पुसून काढावे आणि पुढच्या तपासणीची तारीख झाकणाच्या आत, टॉर्कच्या आकड्याखाली लिहावी. मी ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची लिहितो, म्हणजे पहिल्या पावसाआधी स्टेपनी एकदा तरी हातात येते.